निवेपर्यंत

उद्यमबागेतली फाउंड्री बंद झाली तेव्हा
भरमाण्णानं चोक काढून दिला,
अडीचशे वॅटचा, विटेएवढा जड.
बल्ब मात्र नवा घेतला, चौदा हजार केल्विन.

"एलईडी घे की," इराण्णा म्हणाला, "बिल सोसतंय काय?"
हेस्कॉमचं बिल कन्नडात येतं.
आकडे तेवढे कळतात मला. पुरे होतात.

एलईडीखाली पाणी नुसतं उजळतं.
याच्याखाली वाळूवर उन्हाची जाळी धावते,
चोर्ला उतरून गेल्यावर
गुडघाभर पाण्यात पाहिलेली.
पाणीही तिकडूनच आणतो, कॅनमधून.
नाक्यावरचा पोलीस बोट बुडवून चाटतो,
थुंकतो, जा म्हणतो.

काल संध्याकाळी लाईट गेली, दोन मिनिटांत आली.
फ्रीज गुरगुरला. शेजारचा टीव्ही बोलू लागला.
दिवा नाही.
तापलेला असतो तो,
निवल्याशिवाय पेटत नाही.

"बिघडलं काय?" शालन.
"नाही. थांब पंधरा मिनिटं."

तीही थांबली, भाकरीचं पीठ हाताला तसंच.
सकाळच्या भांडणाचं कुणी काढलं नाही.
काचेआड पंप तेवढा चालू.

मग काचेत एक जांभळट ठिपका,
हिरवट,
आणि तिची बोटं दिसली, पिठाची,
पोवळ्यांवर टेकलेली,
बाहेरून.