कारण विचारू नये

कपाटामागे एक चेक उभा आहे,
सहा फूट लांब, थर्माकोलचा,
रुपये पंचवीस लाख फक्त.
दर जानेवारीत तो बाहेर येतो,
गजरमल त्याच्यावरची धूळ पुसतो,
तारखेवर नवा कागद चिकटवतो,
दोन्ही बाजूंनी हात लागतात, फोटो होतो,
आणि उरलेले अकरा महिने
पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन अडवायच्या कामी येतो.
टोमणा मारत नाही मी.
खरे पैसेही येतात, आरटीजीएसने, वेळेवर.
बहात्तर मुलं त्यावर शिकतात, यादी माझ्याच हातची.

यंदा कंपनीने घराचा फोटो मागवला.
"फक्त गरज कळावी म्हणून," फोनवरची मुलगी म्हणाली.
आवाज चांगला होता तिचा, थकलेला.

सफिया हुर्जुक, एम.एस्सी. भाग एक, राहणार दारूखाना.
तिने आणलेला फोटो मी पाहिला:
कॉटवर घडीच्या रेषा असलेली नवी चादर,
मांडणीवर भांडी उंचीप्रमाणे,
आई इस्त्रीच्या ओढणीत, धाकटा भाऊ भांग पाडून,
आणि प्लास्टिकच्या फुलांची कुंडी,
ती शेजारून आणलेली, हे तिनेच सांगितलं.
फोटो काढायचा म्हटल्यावर माणसं जे करतात
तेच केलं होतं त्यांनी.

आठवड्याने उत्तर आलं:
घर ठीक दिसतं. कृपया दुसरी केस पाठवा.

काय सांगणार होते मी तिला?
चादर काढ, भांडी पाड, आईला जरा रडव?

त्या दुपारी जुनं रजिस्टर काढलं,
लाल कापडी पुठ्ठ्याचं, कडा वाळवीने चाखलेल्या,
आणि मेलेल्यांच्या अटी वाचत बसले.
एका वकिलाचं दान, संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास.
नाही.
एकाचं फक्त स्वतःच्या पोटजातीसाठी,
शाई अशी उडालेली की पोटजात आता वाचताच येत नाही.
नाही.
कॅप्टन जाल दुबाश, १९५२:
ज्याचा बाप जहाजावर नोकरीला.
सफियाचा बाप खलाशी. व्याज चार हजार सहाशे.
प्रिन्सेस स्ट्रीटचा एक चष्मेवाला:
चष्मा लावणाऱ्या गरजूस. आठशे पंचाहत्तर.
तिची डावी काच तडकलेली आहे, माझ्या लक्षात होतं.
मूळजी मेघजी कापडवाले: अक्षर सुवाच्य हवे.
तीनशे बारा. तिचा अर्ज उघडून खात्री केली.
आणि शेवटून तिसऱ्या पानावर
विठाबाई काशिनाथ आचरेकर, सुईण, माझगाव.
बाकीच्यांच्या अटी पानपान भरून,
हिची एक ओळ, कोणाकडून तरी लिहून घेतलेली, खाली अंगठा:
कोणाही मुलीला द्यावे. कारण विचारू नये.
अकराशे चाळीस.

सुईण.
किती घरांत शिरली असेल ही
चादर बदलायच्या आत.

बेरीज सहा हजार नऊशे सत्तावीस.
फी एकतीस हजार चारशे.
कॅलक्युलेटरवर पुन्हा केली,
व्याज वाढलं नाही.

उरलेल्याचे हप्ते पाडले,
साहेब जेवायला उठत असताना सही घेतली.
चमत्कार वगैरे काही नाही.
ती आता संध्याकाळी सातवीच्या चार मुलांना गणित शिकवते,
एक हप्ता चुकलाय, दंड मी अजून लावलेला नाही.

काल आली, चार पाकिटं घेऊन.
"आभाराची पत्रं आहेत. पत्ते द्या ना, मॅडम."
मी म्हटलं, पत्ते कुठले गं, ही माणसं जाऊन...
"माहीत आहे," ती म्हणाली,
"पण कुठेतरी पोचायला हवीत ना."

मग मी शिक्का ओढला.
चारही पाकिटांवर आवक क्रमांक टाकले,
तारीख टाकली, वेळ टाकली.
विठाबाईचं पाकीट नीट चिकटलं नव्हतं.
वाचायचं नव्हतं मला. वाचलं.
पहिलीच ओळ, सुवाच्य अक्षरात:

तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगते.