तीनशे अकरा

रुवीतल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात
भर बाराच्या उन्हात एक म्हातारे गृहस्थ आले,
एसीखालची खुर्ची सोडून दाराजवळच्या बाकावर बसले
आणि नंबर येईपर्यंत गप्प राहिले.
हे आधी सांगतो, कारण
ज्यांच्या ओटीवर आम्ही नंबर लावून बसायचो
ते हेच.

विश्राम धोंडू तोडणकर.
लेक इथे नर्स, तिच्याकडे आलेले, व्हिसा महिनाभर वाढवायचा.
फॉर्मात 'व्यवसाय' म्हणून रकाना असतो.
काय लिहू, साहेब?
"बर्फाच्या कारखान्यात कारकून होतो, ते लिही."
आणि नंतरचं?
"नंतरचं अरबीत बसेल?"

बसलं नसतं.
सरपंचकी, पंचायत समिती, एकदा डिपॉझिट गेलेलं,
मग दोन टर्म. आमदार निवासातली ती खोली,
जिथे गावचे सात-आठ पेशंट सतरंजीवर
आणि आमदार पलंगाखाली बॅग सरकवून व्हरांड्यात.
धक्क्यावर बोलायला पहिल्यांदा उठले तेव्हा
सभागृहात चौदाजण होते.
"त्यातला एक माझ्याच पक्षाचा," म्हणाले, "तो झोपला होता."
तारांकित प्रश्न: वेळासरच्या धक्क्याचे काम
सहा वर्षे बंद आहे, हे खरे आहे काय?
मंत्र्यांचं लेखी उत्तर:
हे अंशतः खरे आहे.

धक्का झाला. तिसऱ्या वर्षी.
तोपर्यंत धक्क्यावर उतरायची ती पोरं
इकडे येऊन पोचली होती,
कुणी घाल्यात, कुणी बरक्यात, कुणी सूरला.
त्यातलाच मी, नियाज परकार.
माझ्या पासपोर्टच्या अर्जासोबत यांचाच दाखला होता,
'सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखतो.'
ओळखत नव्हते. सही मात्र
कागद फाटेल इतक्या जोरात केली होती.

शुक्रवारी त्यांना मत्राला नेलं.
बोटींकडे बघतील वाटलं,
ते मासळीबाजारात शिरले, एका सुरमईखाली
बोट घालून म्हणाले, "बर्फ पातळ फोडलाय.
दुपारपर्यंत टिकणार नाही."
विकणाऱ्याला ते कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग समुद्राकडे तोंड करून बसलो
आणि त्यांनी अगदी सहज विचारलं,
"आपल्याकडचे इथे किती असतील रे?"
मी मोजू लागलो. मुकादमांचे नऊ.
पावसकरांचे दोघे भाऊ, एक मेहुणा.
साखरकरांच्या वाडीतले तर अख्खे क्रिकेटचे दोन संघ.
दोनशे सत्तर. दोनशे नव्वद.
तीनशेवर आलो आणि आठवलं,
साहेब शेवटचे किती मतांनी पडले ते.
जीभ आपोआप थांबली.

"मोज की पुढे."
नाही, म्हटलं, एवढेच असतील.
"यातल्या निम्म्यांचे दाखले मीच दिले असणार."
हसले. दात नवे होते, लेकीने बसवून दिलेले.
तुम्ही नसते दिले तर आम्ही तिथेच राहिलो असतो,
आणि मत दिलं असतं, तुम्हालाच, असं मी म्हणालो.
त्यांनी पाण्याकडे बघत
सभागृहातल्या त्या कोरड्या आवाजात उत्तर दिलं,
"हे अंशतः खरे आहे."

कारण गेलो नसतो तर आमच्यातले कितीजण
बेकार राहून त्यांच्याच विरुद्ध
घोषणा देत फिरले असते,
हे त्यांना ठाऊक होतं. मलाही.

व्हिसाचा अर्ज दुसऱ्या दिवशी परत आला.
सही चौकटीबाहेर गेली होती,
वरचा फराटा शिक्क्याच्या जागेवर.
साहेब, आत करा, लहान.
त्यांनी पेन धरला, बराच वेळ धरला,
जणू कुणाचं नाव विचारायचं राहून गेलंय.
मग केली.
'वि. धों. तोड' इथवर नीट आली,
पुढची अक्षरं दाटीवाटीने उभी,
आमदार निवासातल्या त्या खोलीसारखी.