वाकवून पाहणं

रबाळ्याला, एमआयडीसीतल्या पाचव्या गल्लीत,
रबराच्या कारखान्याला पाठ टेकून आमची शाळा.
तळमजल्यावर वेल्डिंगचा वर्ग. सात बूथ,
दोन बंद, एकाचा पडदा मांजरीने फाडलेला.
एकोणीस वर्षं मी इथे जोड शिकवतो.

यंदा परीक्षा घ्यायला बाहेरचा माणूस आला,
सेल्वराज. खिशात टॉर्च, गळ्यात गेज,
हातात पोलादी छापांची छोटी पेटी.
वाडेकर बाई चहा पुढे करत म्हणाल्या,
"आमची मुलं हुशार आहेत हो."
तो म्हणाला, "बाई, पाइपला ते माहीत नसतं."

फीसाठी शाळेनं गॅदरिंग रद्द केलं.
मंडप, लायटिंग, नाचाचे भाड्याचे घागरे,
सगळं वितळून या पाइपांत गेलं.
आठवीच्या पोरी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

अकरा मुलं बसली.
आणि यादीत खाली, पेनानं लिहिलेला, बारावा मी.

कागद मला कधी कुणी मागितला नव्हता.
उस्ताद दस्तगीर म्हणायचे, कागद जळतो रे, जोड राहतो.
दहिसर मोरीच्या गॅरेजात खोकत खोकत ते गेले.
त्यांचे जोड असतील कुठं कुठं,
कुणाच्या गच्चीवरल्या टाकीखाली,
खाडीकडच्या कुठल्यातरी कठड्यात.
शोधायला निघालो तर एकही सापडणार नाही.
जोडावर नाव नसतं.

पाइप तिरका, पंचेचाळीस अंशांत बांधलेला.
हलवायचा नाही. आपणच त्याच्याभोवती फिरायचं,
कधी गुडघ्यावर, कधी मान उलटी टाकून,
काचेआड एक हिरवा ठिपका सोडला तर
जगात काहीच नाही.
शेजारच्या बूथमध्ये हर्षाली मढवी. घणसोलीची.
तिचा आवाज ऐकत होतो मी,
तेलात कांदा पडल्यावर होतो तसा, न तुटणारा.
माझा मध्येच दोनदा थुंकला.

मग सेल्वराजनं पट्ट्या कापल्या, प्रेसमध्ये घातल्या.
पट्टी वाकत वाकत इंग्रजी यू झाली की
पोटातलं सगळं बाहेर येतं.
किती वर्षं, किती टक्के, कोणाची शाळा,
प्रेस विचारत नाही.
हर्षालीची वाकली. नितळ.
तौफिकची वाकली. सुशांत गावंडची फाटली,
आणि तो लगेच बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरून उभा राहिला.
अजून एकीची फाटली.
माझी,
खालच्या बाजूनं, जिथं थुंकला होता तिथंच,
तोंड उघडून हसली.

कुणी काही बोललं नाही.
बंद बूथमधला पंखा तेवढा फिरत होता, कोणी चालू ठेवला कोण जाणे.

हर्षालीला तिचा छाप मिळाला. एच एम शून्य सात.
यापुढे तिनं जोडलेल्या प्रत्येक पाइपशेजारी तो ठोकायचा,
गळला तर शोधत यायचं, टिकला तरी.
"आणि सहा महिने काम केलं नाहीस," सेल्वराज म्हणाला,
"तर हा कागद मेला. फ्रेम करून ठेवू नकोस."
ती छाप मुठीत धरून उभी.
"सर, याच्यावर तुमचं पण काहीतरी हवं होतं."
मी म्हटलं, "दुसरा कोणाचा छाप मारलास तर
तुरुंगात जाशील, वेडे."

महिन्याभरात तळोज्याच्या कंपनीचा फोन आला.
मार्क विचारले नाहीत. किती जण पास, एवढंच.

गेटवरचा बोर्ड रंगवायला पेंटर आला:
आमची शाळा, अकरापैकी नऊ.
मी खाली उभा राहून म्हटलं, अकरा नाही, बारा कर.
बाईंनी खिडकीतून पाहिलं. थोडा वेळ पाहिलं.
मग खिडकी लावून घेतली.
पेंटरनं टर्पेंटाइननं पुसला एकचा आकडा,
त्यावर दोन काढला.
उन्हात तिरकं पाहिलं तर
आतला एक अजून दिसतो.

मार्चमध्ये सेल्वराज पुन्हा येणार आहे.
शाळा सुटली की मी तिसऱ्या बूथमध्ये असतो,
मान उलटी टाकून.
काल आठवीतल्या दोघी पडद्याच्या भोकातून बघत होत्या.
मी ओरडलो, "डोळे जातील, बाजूला व्हा!"
त्या हलल्या नाहीत.
शेवटी उठून त्यांना काचा दिल्या.