नखं वाढवायची परवानगी

सोळा वर्षं, दर दोन दिवसांनी
मी नखं मुळापर्यंत कापत आले.
नवजात बाळांच्या वॉर्डाचा नियमच तो.
काचेच्या पेटीत सव्वा किलोचा जीव,
त्याच्या पाठीखाली हात सरकवायचा
तर बोटांना टोक असून चालत नाही.

मार्चमध्ये बदली झाली, नोंदणी विभागात.
कागदाला नख लागलं तर कागद रडत नाही.
तिसऱ्या आठवड्यात कीबोर्डवर
टक् टक् असा परका आवाज यायला लागला.
थांबून बघितलं, तर अंगठ्याला
कांद्याच्या पापुद्र्याएवढी पांढरी कडा.

त्या रात्री कपाटावरची दुसरी पेटी उतरवली.
कड्या गंजलेल्या. आत कोंदट वास,
एक बसचं तिकीट, एक सुटी खुंटी,
आणि ती.
पाठीखाली हात सरकवून उचलली.
सवयच.

तारा आणायला बस स्थानकामागच्या दुकानात गेले.
म्हातारा क्रिस्पीन म्हणाला, मुलासाठी का?
हो म्हणून मोकळी झाले.
मुलगा नाही मला. मुलगीही नाही.

मग सुरू झालं ते काय सांगू.
डोक्याला सगळं येतं, बोटांना काही येत नाही.
तर्जनी सहाही तारांवर आडवी निजवायची,
ती मधेच पाठ वर काढते,
दोन तारा मुक्या, तिसरी खोकल्यासारखी.
करंगळी तर सरळ संपावर.
डाव्या हाताचे घट्टे कधीच विरघळलेत,
नायलॉनसुद्धा सुरीसारखं लागतं.

अपोलोनियाबाई शिकवायच्या तेव्हा
तेरेरेचा शिंगाचा पेला टेबलावर आपटत ठेका धरायच्या.
चुकलं की पेला थांबे.
त्यांचं घर एन्कार्नासियोनच्या खालच्या भागात होतं.
धरणासाठी आधी घर पाडलं,
मग पाराना तिथवर चढून आली.
आता ठेका कुणाला विचारायचा?
मी फ्रिजच्या घरघरीला धरून वाजवते.
तीही मधेच बंद पडते.

नव्याचे नऊ दिवस.
तेवढे छान गेले, वीस वीस मिनिटं,
कॅलेंडरवर फुल्या मारत.
दहाव्या दिवशी उकाडा, कंबर, शेजारी कुणाचा तरी वाढदिवस.
दहाव्या दिवशी मी नुसता सूर लावला
आणि पेटी बंद केली.
फुली मारावी की नाही,
पेन हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले.
मारली. अर्धीच. एक तिरपी रेघ.

मे महिन्यात मधल्या बोटाचं नख
फायलींच्या खणात अडकून तुटलं.
सोळा वर्षं आपल्याच हाताने कापून फेकली,
आणि या एकासाठी डोळ्यांत पाणी!
उघड्या बोटाने वाजवलं मग.
मांसाचा आवाज आला, मऊ,
खोलीत कुणाला जाग येऊ नये असा.
रात्रपाळीत पेटीची झडप उघडायचे ना मी, तसा.
परत वाजवलं. आणखी हळू.
इतकं हळू मला तेव्हा येत नव्हतं.
अपोलोनियाबाई ओरडायच्या, हळू, झुनिल्दा, हळू,
आणि मी दणादणा पुढे.

काल तारांचा दुसरा संच आणायला गेले.
मुलगा कसा वाजवतो? क्रिस्पीनने विचारलं.
बेसूर, म्हटलं. पण रोज बसतो.
त्याने सुटे पैसे माझ्या तळहातावर ठेवले,
बोटांच्या टोकांवरच्या रेघा बघितल्या,
आणि गल्ल्यात पुन्हा मान घालून म्हणाला,
त्याला सांगा,
अनामिकेचं नख फार टोकदार ठेवतोय तो.