बिडाचं नव्हं

बूट मीच ठेवले बंबाला टेकून.
रात्रपाळी करून आलो होतो, डोळ्यांत धूर,
आणि अंगणात कस्तुरीचे बूट, पाणी पिऊन सुस्त,
खालच्या खिळ्यांत मैदानाची लाल माती.
म्हटलं, वाळतील तरी.

दुपारी उठलो तर बुटांनी नाकं वर केलेली.
टाचा आत ओढलेल्या,
डावा उजव्याकडं असा वळलेला
की दोघांत माझ्याबद्दल काही चाललं असावं.
चामडं नखानं वाजवलं: भाजलेला पापड.

कस्तुरी बोलली नाही.
पायात घालून बघितले, काढले,
चहा गाळायला गेली.
न बोलणं तिच्या आईवर गेलंय.

परवा मॅच. पगार सात तारखेला.

बावीस वर्षं मी शिरोलीत साचे भरतो.
वाळू ठोकायची, पॅटर्न अलगद उचलायचा, रस ओतायचा.
लोखंड विचारत नाही कुठं जायचं.
निवलं की तसंच राहतं,
चुकलं तर फोडायचं, परत भट्टीत.
आकाराबद्दल मला एवढंच येतं.

म्हणून सुभाषनगरात गेलो, बाळाप्पा तात्यांकडं.
मांडीवर अर्धं कापशी पायताण, दातांत वादी.
बूट त्यांनी आधी नाकाला लावला,
मग अंगठ्यानं दाबला, पोरांचं पोट दाबून बघतात तसा.
"घाई कुणाला झालती? तुला का बुटाला?"
मी गप्प.
"कातडं हाय रं ते, बिडाचं नव्हं.
त्याला हुकूम चालत न्हाई.
पाणी पाज. सावलीला ठेव. मग इचार."

काय विचारायचं, ते सांगितलं नाही.

पाळी सर्जेरावाला दिली.
डांगरीचं जुनं फडकं भिजवून गुंडाळलं,
तासाभरानं कातडं जरा सैल झालं,
रुसलेलं माणूस कुशीवर वळतं, तेवढंच.
मग एरंडेल, बोटानं, शिवणीशिवणीत.
मग हात आत घातला, चवडा आतून रेटायला,
आणि हाताला लागल्या
पाच लहान खळ्या, ओळीनं.

करंगळीची सगळ्यांत खोल.
डाव्याचा तळ बाहेरच्या कडेला झिजून गुळगुळीत,
उजव्याचा जवळजवळ कोरा.
म्हणजे पोरगी डाव्या पायाची.

सोळा वर्षांची आहे.
मी एकही मॅच बघितलेली नाही.
रविवारी मी झोपतो.

रात्री साडेदहाला तव्यावर वाळू गरम केली,
कंपनीचीच काळी वाळू, डब्यातून आणलेली,
गेटवर कुणी डबा उघडायला लावला नाही.
मोज्यात भरली, मोजे बुटांत,
ठोकायला हात आपोआप वर गेला,
खाली घेतला.
बोटांनी सरकवत गेलो, खळ्या बुजू नयेत म्हणून.
वरून सुतळी, सुतळीवर पाटा.
कस्तुरी पाणी प्यायला उठली,
बुटांकडं बघून म्हणाली, "ॲडमिट केलंय काय?"
दोन दिवसांतलं पहिलं वाक्य.

उजव्याचं नाक अजून थोडं वर आहे.
असू दे.

रविवारी मी स्टँडमध्ये, पुडीत शेंगदाणे,
झोप मानेवर बसलेली.
मध्यंतराला ती रेषेबाहेर टेकली,
डावा बूट काढला, उलटा केला, झटकला.
मोजा कुठंतरी उसवला असणार.
लाल मातीवर एवढीशी काळी रास.
ती राशीकडं बघत राहिली,
मग मान वर करून माणसांत कुणाला तरी शोधू लागली.
मी हात वर केला नाही. तोंडात शेंगदाणा होता.

दुसऱ्या हाफला तिनं लांबून मारला, डाव्यानंच.
बारवरून गेला, भिंतीपलीकडं, रस्त्यावर,
रिक्षावाल्यानं परत फेकला.
शेजारचा मांडीवर थाप मारून ओरडला,
"काय पाय हाय लगा! कुणाची रं ही?"

मी सांगितलं.