एक कळी जास्त

पहाटे चारला बेप्पीची होडी लागते पुलाखाली.
बारा खोके. खोक्यात पन्नास कळ्या.
"ओर्तेन्सिया, मोजत बसू नकोस गं," दरवर्षीचं त्याचं.
मी मोजतेच.
दरवर्षी एक जास्त भरते.
बेप्पीचं गणित पहिल्यापासून कच्चं.

आज पंचवीस एप्रिल. संत मार्कचा दिवस.
व्हेनिसमधला प्रत्येक पुरुष,
विसरभोळा असो, कर्जात असो, कालच भांडून माडीवर झोपलेला असो,
आज एक लाल कळी घेऊन घरी जातो.
बोकोलो म्हणतो आम्ही तिला.
उमललेली चालत नाही.
म्हणतात, लढाईत पडलेल्या कुणा एकानं
आपल्या रक्तात भिजवून ती पहिली कळी धाडली होती.
साडेतीन युरो. कागद हवा तर वेगळे.

आणि आजच मुक्तीदिन.
नऊला नगरपालिकेचा शिपाई येतो पुष्पचक्राला,
लॉरेलची पानं, हिरवी-पांढरी-तांबडी फीत.
एका साली फीत उलटी लागली होती माझ्याकडून.
ते तो मेल्यावरही विसरणार नाही.

उजाडायच्या आधी एक म्हातारा आला होता, ऑस्ट्रेलियाचा,
कोटावर कुणा दुसऱ्याची पदकं, उजव्या बाजूला.
त्याला फूल नको होतं. रोझमेरीची काडी हवी होती.
आजोबांचा भाऊ, म्हणाला, एका समुद्रकिनाऱ्यावर,
होडीतून उतरता उतरता, याच तारखेला, अशाच अंधारात.
मी म्हटलं, अहो, ही तर मी बटाट्यात घालते. पैसे कसले?
तो हसला, आणि मग बराच वेळ
पुलाच्या कठड्याकडे तोंड करून उभा राहिला.

इस्पितळातली ग्रासा रात्रपाळी उतरून येते.
तिला कार्नेशन लागतात, लाल, दोन.
तिचा बाप लिस्बनच्या रस्त्यावर शिपाई होता, विशीतला,
राजवट पडली त्या दिवशी.
कुणा बाईनं त्याच्या बंदुकीच्या नळीत फूल खोचलं,
आणि याची पहिली चिंता : आता ही साफ कोण करणार?
ग्रासा हे दरवर्षी सांगते.
मी दरवर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसते.

आमच्या घरात मात्र हा सण मोडलेला.
पंचेचाळीस साली अमाबिले आत्या एकोणीस वर्षांची.
तिचा नाने कळी आणायला म्हणून सकाळी निघाला.
कळीच आणायला गेला की आणखी कशाला, ते आत्यानं सांगितलं नाही.
तीन दिवसांनी शहरभर घंटा वाजल्या.
लोक नाचले. आत्यानं खिडकी लावून घेतली, म्हणाली, वारा आहे.
पुढं चाळीस वर्षं हीच टपरी तिनं चालवली.
हजारो कळ्या दिल्या तिनं पुरुषांच्या हातात,
काटे काढून, देठ तिरका कापून.
एकही तिच्याकडे परत आली नाही.
मी लहान असताना विचारलं, तुला गं?
तर म्हणाली, बादलीतलं पाणी बदल.

एकाच चौकटीत एवढं सगळं मावतं कसं,
कॅलेंडर छापणाऱ्याला विचारायला हवं.
त्यानं नुसतं तांबड्या शाईत छापलंय : सुट्टी.

संध्याकाळी टपरी बंद करून
मी बागेखालच्या घाटाकडे जाते.
तिथं पायऱ्यांवर काशाची एक बाई आडवी पडलेली आहे,
हात बांधलेले. भरतीला ती बुडते, ओहोटीला वर येते.
सकाळचं पुष्पचक्र एव्हाना शेवाळात फिरत असतं.
जास्तीची ती कळी मी दरवर्षी तिच्यापाशी ठेवते,
आत्याच्या नावानं. पाणी घेऊन जातं.

आज ओहोटीला वेळ होता.
थांबले. खिशात हात घातला.
आणि एकदम डोक्यात आलं,
बारा गुणिले पन्नास,
सतरा वर्षं,
नेमकी एकच चूक,
नेमकी याच तारखेला,
आणि बाकीच्या सगळ्या वर्षात
बेप्पीचा हिशेब एका पाकळीनं चुकत नाही.

पाणी खाली गेलं. बाईचा खांदा दिसला.
मी उभीच.
खिशाच्या उबेत कळीचं एक पान
सैल झाल्यासारखं लागतंय बोटाला.
उमललेली चालत नाही, म्हणतात.
का, ते अजून कुणी विचारलेलं नाही.