उतारा

रात्री सव्वादोनला दार वाजलं तेव्हा
एका लॅब्राडोरच्या पोटातून निघालेला हातमोजा
मी धुऊन पिशवीत घालत होते.
मालकांना असल्या वस्तू परत हव्या असतात, का कोण जाणे.

पेटी हार्बरचा रस्ता बर्फाने बुजलेला
आणि दारात अ‍ॅम्ब्रोज किली, वय बहात्तर,
कोटाच्या आत काहीतरी धरून.
"ही पिऊन आल्यासारखी चालतेय," म्हणाला,
"आणि ती चाल मला कळते."

मांजर. साडेतीन किलो. नाव कॅप्लिन,
जूनमध्ये लाटेबरोबर वाळूवर येऊन पडतो
त्या चंदेरी माशावरून.
मागचे पाय एका गावाला, पुढचे दुसऱ्या.
साडेबाराला शेडमध्ये सापडली.
रेडिएटर भरताना सांडलेलं अँटीफ्रीझ, हिरवं, गोड.
संध्याकाळीच पुसायचं होतं, तो म्हणाला.
या टेबलाशी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय
की मी उत्तर देत नाही, शीर शोधते.

मांजरांना तीन तास मिळतात. त्यातले पावणेदोन गेलेले.
उताऱ्याची आमची बाटली परवाच संपली,
नवी हॅलिफॅक्सहून यायची, आणि विमानं बंद.
डॉक्टर मर्सरने चष्मा कपाळावर सरकवला.
"व्होडका," ती म्हणाली. "साधी, बिनवासाची."
यकृताला दारू दिसली की ते विषाकडे बघत नाही,
विष तसंच लघवीवाटे निघून जातं.
काट्याने काटा. पण दुकानं दहालाच बंद झालेली.

अ‍ॅम्ब्रोज काही न बोलता बाहेर गेला.
ट्रकच्या सीटमागून घेऊन आला.
लेबल उन्हाने उडालेलं, सील जिथल्या तिथे.
"अकरा वर्षं," म्हणाला.
मी बघत राहिले असणार, कारण त्याने पुढे सांगितलं,
"समोर नसेल तर नाही म्हणायचं कुणाला?"

सील मी तोडलं. कट्.
इतका लहान आवाज. तो भिंतीकडे तोंड करून
कुत्र्यांच्या लसींचा तक्ता वाचत होता.
सलाईन घालून निम्मी केली, गाळणीतून सोडली,
पंपावर आकडा लावला, आणि साडेतीन किलोच्या जिवाला
आम्ही शुद्धीवर राहून दारू चढवली.

मग नेहमीचं. तासातासाला ताप, साखर, हिरड्यांचा रंग,
कूस बदलणं, डोळ्यांत मलम, कारण ती पापणी मिटत नव्हती.
साडेचारला मोटारीखाली आलेला एक कुत्रा आला. राहिला नाही.
त्याच्या पंजाचा ठसा घेतला, हात धुतले,
परत कॅप्लिनपाशी.
अ‍ॅम्ब्रोज नळीतले थेंब मोजत होता, ओठ हलवत.
कुठेतरी चुकायचा, पुन्हा एकपासून.

"उतरायला किती वेळ लागेल?" त्याने विचारलं.
"दोन दिवस. तिसऱ्या दिवशी डोकं दुखेल."
"दोनच," तो म्हणाला. "नशीबवान आहे."

सहा वाजून दहा मिनिटांनी चादर ओली झाली.
या धंद्यात याहून चांगली बातमी नसते.
मी ती चादर उचलली, वजन केलं,
आणि तराजूवरचा आकडा मोठ्याने वाचला,
दोनदा, कारण त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

मांजर चौथ्या दिवशी घरी गेलं, मला बोचकारून.
बाटलीत चार बोटं उरली होती.
"राहू दे इथेच," तो म्हणाला.
मी तिच्यावर चिठ्ठी लावली:
कॅप्लिन किली. फक्त शिरेतून.
आणि औषधांच्या कपाटात ठेवली, कुलूप लावून.

मंगळवारी तो आला. मांजर बरोबर नव्हतं.
टोपी हातात, बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर वितळत.
"आहे ना?" म्हणाला.
मी कपाट उघडून दाखवलं.
त्याने बघितलं, मान हलवली,
आणि ट्रककडे गेला.